देऊन ये

यादी मंगळवारी आली आणि मृणाल दाबकेनं ती खालून वर वाचायला घेतली. शाळेपासूनची सवय. आपलं नाव सगळ्यात वर असणार हे पक्कं ठाऊक असलं, की खालून सुरुवात करण्यात एक निराळीच मजा असते. एकेकाला मागं टाकत जाता येतं. राज्यातल्या पहिल्या शंभर सार्वजनिक ग्रंथालयांची ती यादी होती. अठ्ठ्याण्णव जणांना मागं टाकून मृणाल आपल्या विद्याविलास वाचनालयाच्या नावाशी पोचली, तर नावाच्या डोक्यावर अजून एक ओळ शिल्लक होती.

जनता वाचनालय, कासारघोल. ग्रंथपाल : श्रीमती त्रिशला मगदूम. तल्लीनांक : ८१.

विद्याविलासचा तल्लीनांक त्रेचाळीस होता. मृणालनं चष्मा काढला, पदरानं पुसला आणि पुन्हा घातला. आकडे तसेच राहिले.

हा तल्लीनांक म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं, नाहीतर मृणालचा जळफळाट कळायचा नाही. तीन वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत कागद जुना कसा होतो याचा अभ्यास चालला होता. त्यासाठी पुस्तकाच्या कण्यात, म्हणजे जिथं पानं शिवलेली असतात तिथं, केसाहून पातळ अशी पट्टी बसवत. पट्टीवरची शाई वाकली की विजेचा इवलासा धक्का देते. त्याच विजेवर ती चालते, आणि कुठलं पान कधी आणि किती जोरानं उलटलं ते तिळाएवढ्या जागेत साठवून ठेवते. कागदाबद्दल काय कळलं कोण जाणे, पण वाचणाऱ्याबद्दल भलतंच कळलं. माणूस पुस्तकात खरोखर बुडालेला असला, की पान संपायला दोन ओळी बाकी असतानाच त्याचा अंगठा कोपऱ्यावर जातो आणि पान किंचित उचललं जातं. त्याचं त्यालाही ते कळत नाही. शिवाय अशी बुडालेली माणसं एका पुस्तकात त्याच त्याच जागी रेंगाळतात आणि त्याच त्याच जागी पळतात. नुसते डोळे फिरवणारा मात्र घड्याळाच्या चालीनं पानं उलटतो, नाहीतर दहा पानं एकदम ओलांडतो. या खुणांवरून शून्य ते शंभर असा एक आकडा काढता येतो. तो तल्लीनांक.

पट्टीला आणखी एक गोष्ट कळते. प्रत्येक हाताची ढब वेगळी असते, त्यामुळे पुस्तक किती हातांतून गेलं ते ती सांगते. कुणाच्या हातांतून, ते सांगत नाही. वाचणाऱ्याचं नाव पट्टीला कळू द्यायचं नाही असा कायदाच झाला आणि ते बरं झालं.

तोवर ग्रंथालयाची थोरवी रोज किती पुस्तकं बाहेर गेली यावर ठरायची. कणापट्टी आली आणि ती सगळी गंमत संपली. घरी नेऊन दिवाणखान्यात ठेवलेली आणि पंधरा दिवसांनी तशीच परत केलेली पुस्तकं उघडी पडली. पुढाऱ्यांच्या गौरवग्रंथांना राज्यभरात एकही हात लागलेला नव्हता. खुद्द ग्रंथालय मानक समितीच्या अध्यक्षांचा, डॉ. भालचंद्र इनामदारांचा, ग्रंथालयशास्त्रावरचा जाडजूड ग्रंथ सरासरी नवव्या पानावर बंद होत होता. इनामदार मोकळ्या मनाचे. तो आकडा त्यांनी भर सभेत स्वतः वाचून दाखवला.

ही समिती राज्यातल्या सगळ्या सार्वजनिक ग्रंथालयांसाठी उत्तम कार्यपद्धतीची मानकं ठरवत होती. विद्याविलासचं ग्रंथपालपद सांभाळून मृणाल तिची सचिवही होती. चार वर्षं खपून तिनं एकशे बारा कलमांचा मसुदा उभा केला होता. परत आलेलं पुस्तक चोवीस तासांत फळीवर जावं, हे कलम तिचं. वाचनकक्षात खुर्च्यांमध्ये किती अंतर असावं, तेही तिचं. प्रत्येक कलम लिहिताना तिनं आपलं विद्याविलास डोळ्यांसमोर ठेवलं होतं, आणि हे ती कुणाला बोलली नसली तरी सगळ्यांना ठाऊक होतं. मसुद्याच्या शेवटी आदर्श ग्रंथालय म्हणून एकाचं नाव घालायचं होतं. ती जागा मोकळी सोडलेली होती, इतकंच.

आणि आता त्या जागी कोण, तर त्रिशला मगदूम!

ग्रंथालयशास्त्राच्या वर्गात दोघी एका बाकावर बसत. मृणालला सुवर्णपदक मिळालं. त्रिशलानं वर्गीकरणाच्या परीक्षेत मधमाश्यांवरचं पुस्तक समाजशास्त्रात टाकलं होतं, आणि सरांनी झापल्यावर त्या एकत्र राहत नाहीत का, असं त्यांनाच विचारलं होतं. ती दुसऱ्या खेपेला पास झाली, तीही मृणालच्या वह्या वाचून. आपण ज्याला वह्या दिल्या तोच पुढं निघून गेला, की फार लागतं. परक्यानं हरवलं तर माणूस दोन दिवस हळहळतो. हे तसं नव्हतं. मृणालला त्या दिवशी जेवण गेलं नाही, आणि ऑफिसात दोन जणांनी अभिनंदन केलं तेव्हा त्यांच्या बोलण्यात तिला टोमणाच ऐकू आला.

दुपारी इनामदारांचा फोन आला. कासारघोलची बाई नेमकं काय करते ते जाऊन बघा आणि कलमात बसवा, मसुदा तीन महिन्यांत पुढं जायचाय, असं त्यांनी सांगितलं. मृणालनं लगेच हो म्हटलं. तिला जायचंच होतं. आकड्यात काहीतरी काळंबेरं असणार अशी तिची खात्री होती, कारण कासारघोलच्या पुस्तकांची एक नोंद तिनं टिपून ठेवली होती. एकदा बाहेर गेलेलं पुस्तक परत येईपर्यंत तिथं सरासरी सहा वेगवेगळ्या हातांनी उलटलं जात होतं. एकाच्या नावावर पुस्तक आणि वाचणारे सहा. हा सरळसरळ नियमभंग होता.

विजेवरची एसटी घाट उतरून कासारघोलला थांबली. वाचनालय दूध संस्थेच्या वरच्या मजल्यावर होतं. जिना चढताना मृणाल थोडी धास्तावलेली होती, पण आत पाऊल टाकलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. फळ्या अर्ध्याअधिक रिकाम्या. उरलेली पुस्तकं विषयवार तर सोडाच, उभी-आडवी कशीही. देवघेवीच्या टेबलावर भुईमुगाच्या शेंगांची टरफलं. वाचनकक्षात वाचत कुणीच नव्हतं. तिघं-चौघं चक्क मोठ्यानं बोलत बसली होती. मृणालनं वही काढली आणि पहिल्या दहा मिनिटांत सतरा दोष टिपले. इतकं बरं तिला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

"आलीस व्हय? बस की. शेंगा खा," त्रिशला म्हणाली. केस पांढरे झाले होते, पण हसणं बाकावरचंच होतं. पहिल्या नंबराचा विषय मृणालनंच काढला. त्रिशलाला पत्र मिळालं होतं, पण तो एक्क्याऐंशी आकडा चांगला की वाईट हे तिला नक्की ठाऊक नव्हतं. रक्तदाबासारखं असतं का, असं तिनं विचारलं. मृणालला तिचा गळा धरावासा वाटला.

तेवढ्यात जिन्यावरून चपला वाजवत एक म्हातारे गृहस्थ आले. दगडू पाटोळे, एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले मेकॅनिक. हातात पुस्तक वगैरे काही नव्हतं. टेबलासमोरच्या स्टुलावर ते बसले.

"अक्का, ते समुद्राचं पुस्तक शिंत्रे मास्तरास्नी देऊन आलो."

"त्यांनाच का?" त्रिशलानं विचारलं.

दगडूंनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मास्तरीण गेल्यापास्नं त्यांच्या घरात घड्याळाचा आवाज लई येतोय. परवा बसलो हुतो, तवा मलाच नको झालं. ह्या पुस्तकात लाटांचा आवाज हाय. पानोपानी हाय. म्हटलं, घरात जरा दुसरा आवाज हुईल."

त्रिशलानं मान हलवली. कार्डावर दगडूंचं नाव खोडून शिंत्रे मास्तरांचं लिहिलं आणि मास्तर हल्ली जेवतात का नीट, ते विचारलं. मग दगडू आणि ती पंधरा मिनिटं मास्तरांबद्दल, समुद्राबद्दल आणि दगडूंनी आयुष्यात एकदाच पाहिलेल्या बोटीबद्दल बोलत राहिली. मृणाल वही उघडी टाकून बघत होती. मास्तरांनी हे पुस्तक मागितलंच नव्हतं. दगडूंनी ते परस्पर दिलं होतं.

दगडू गेल्यावर तिनं विचारलं, "तुझ्याकडे नियमांची पाटी नाही का गं?"

त्रिशलानं मागं बोट दाखवलं. भिंतीवर निळ्या ऑइलपेंटची पाटी होती, प्रत्येक वाचनालयात असते तशीच. शांतता राखावी. पाने दुमडू नयेत. पुस्तकावर खुणा करू नयेत. आणि चौथा नियम : वाचून झालेले पुस्तक परस्पर दुसऱ्यास देऊन ये.

मृणालनं तो दोनदा वाचला. देऊ नये. राज्यातल्या प्रत्येक पाटीवर 'देऊ नये' असं असतं. इथं रंगाऱ्याची जागा चुकली होती. 'नये'मधला 'न' उचलून त्यानं 'देऊ'ला चिकटवला होता आणि 'ये' एकटा पडला होता. बोटभर रिकाम्या जागेनं मनाई उलटवून तिचा देण्याचा हुकूम करून टाकला होता.

"मी लागायच्या आधीची पाटी हाय ती," त्रिशला सांगू लागली. "पहिल्याच आठवड्यात एक आजी आली. म्हणाली, पाटीवर लिहिलंय तसं करून आले. मी म्हटलं, काय केलंत? तर पुस्तक सुनेच्या आईला देऊन आली होती. आणि 'ये' लिहिलंय म्हणून परत सांगायला आली होती! मी विचारलं, तिलाच का दिलंत? अर्धा तास सांगत बसली, बाई. मला वाटलं, पुढच्या महिन्यात पाटी रंगवून घेऊ. त्याला एकवीस वर्षं झाली."

मग हळूहळू सगळं उलगडलं. या गावात वाचून झालेलं पुस्तक कुणी लगेच परत आणत नसे. ते कुणाला द्यायचं हे वाचणाऱ्यानं ठरवायचं, स्वतःच्या पायांनी जाऊन द्यायचं आणि वाचनालयात येऊन का दिलं ते सांगायचं. न आवडलं, तर घेणारा इथं येऊन देणाऱ्याच्या नावानं शंख करायचा, आणि त्याला खरं काय हवं होतं ते त्यातून कळायचं. फळ्या रिकाम्या होत्या, कारण पुस्तकं गावात होती. त्रिशला फक्त विचारत होती, का? एकवीस वर्षं, रोज, येईल त्याला. आणि उत्तर पुरतं ऐकून घेत होती.

काळंबेरं काहीच नव्हतं. त्रिशलानं लबाडी केली असती तर किती सोपं झालं असतं. अभ्यास केला असता, रात्रंदिवस राबून काही शोधून काढलं असतं, तरी एक वेळ गिळता आलं असतं. पण हिला एका रंगाऱ्याची चूक आयती मिळाली होती, आणि हिनं फक्त ती दुरुस्त केली नव्हती. मी असते तर पहिल्या दिवशी पाटी पुसली असती, असं मृणालच्या मनात आलं. त्यापाठोपाठ दुसरं आलं, की म्हणूनच आपण त्रेचाळीस आहोत. तो दुसरा विचार तिनं घाट चढेपर्यंत दाबून धरला.

घरी येऊन ती मसुदा घेऊन बसली. एकेचाळिसावं कलम आधीपासून होतंच : पुस्तक परस्पर देण्यास सक्त मनाई. नुसता अहवाल धाडला असता तरी कासारघोल नियमभंगात बसलं असतं आणि पहिला नंबर आपोआप बाद झाला असता. तिनं तसा एक परिच्छेद लिहिलाही. वाचून पाहिला, तर त्यातून जळका वास येत होता. इनामदार भोळे असले तरी मूर्ख नव्हते. जुनी मैत्रीण पहिली आली आणि हिनं तिला नियमात पकडलं, असं चारचौघांत झालं असतं.

तिनं तो परिच्छेद खोडला. दोन दिवस काहीच लिहिलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा गाळताना तिला जे सुचलं, ते इतकं साधं होतं की गाळणं हातातच राहिलं. त्रिशलाला अडवायची गरजच नव्हती. तिचं कौतुक करायचं होतं.

नवं एकेचाळिसावं कलम तिनं एका बैठकीत लिहिलं. 'वाचक-हस्तांतरण : कासारघोल पद्धती.' सुरुवातीला त्रिशलाचं नाव घालून चार गौरवाच्या ओळी. मग कार्यपद्धती. पुस्तक देणाऱ्यानं नमुना क्रमांक सात तीन प्रतींत भरावा. देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही. पुस्तक देण्याचं कारण पन्नास शब्दांत लिहावं. इथं तिचा हात क्षणभर थांबला. मग तिनं पन्नासच्या आधी 'किमान' हा शब्द घातला. ग्रंथपालानं कारणाची योग्यता अठ्ठेचाळीस तासांत प्रमाणित करावी. प्रत्येक सभासदानं दर तिमाहीत किमान दोन हस्तांतरणं करावीत. सगळं रीतसर होतं, कुणी बोट ठेवावं असं त्यात काही नव्हतं. दगडू पाटोळे हा नमुना घेऊन बसलेले तिला लिहिताना स्पष्ट दिसले. समोर कागद असताना त्यांना समुद्र आठवायचा नाही, हे तिला कळत होतं. कळत होतं म्हणूनच तिनं लिहिलं. मत्सराला एवढं चांगलं अक्षर असतं हे तिला त्या दिवशी समजलं.

समिती खूश झाली. मोठं मन लागतं याला, असं इनामदार सगळ्यांदेखत म्हणाले आणि मृणालनं मान खाली घातली. आदर्श ग्रंथालय म्हणून कासारघोलचं नाव छापलं गेलं, वाचनालयाचा दर्जा 'ड'वरून 'ब' झाला आणि त्यासरशी त्रिशलाला पूर्णवेळ ग्रंथपालाचं पद मिळालं. त्रिशलाचा फोन आला. "तू माझं नाव घातलंस, मृणाल. दुसरं कोण घालणार होतं?" एवढंच ती दोन-तीनदा म्हणाली. मृणाल म्हणाली, अगं, त्यात काय. फोन ठेवल्यावर तिनं उगाचच टेबल आवरलं.

पाटी बदलायची वेळ आली नाही, कारण ती आता मानकांत बसत होती.

पुढच्या वर्षीची यादी आली तेव्हा विद्याविलास पहिलं होतं. मृणालनं यादी वरून खाली वाचली. कासारघोल पार तळाशी होतं. तल्लीनांक एक्क्याऐंशीवरून एकोणिसावर आला होता, आणि पुस्तकामागं सहा हात होते तिथं दीड उरला होता. काय झालं ते तिला कुणी सांगायची गरज नव्हती, तरी तपासणी पथकाच्या टिपणात सगळं सविस्तर आलं होतं. लोकांनी सुरुवातीला नमुने भरले. मग कुणीतरी एक कारण झकास लिहिलं आणि सगळं गाव तेच उतरवू लागलं : 'पुस्तक बोधप्रद असून सर्वांनी अवश्य वाचावे', आणि पन्नास शब्द होईपर्यंत पुढं तसंच. ज्यांना लिहायला जमत नव्हतं त्यांचे नमुने त्रिशला भरत बसायची. कारण कागदावर असल्यामुळं तोंडी विचारायचं कारण उरलं नव्हतं, आणि विचारायला तिला सवडही नव्हती. आठेक महिन्यांनी लोक सह्या नकोत म्हणून पुस्तकं सरळ परत आणून टेबलावर ठेवू लागले. फळ्या भरल्या. तपासणी पथकानं त्याबद्दल समाधान व्यक्त केलं होतं.

जिल्ह्याच्या सभागृहात मृणालचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, भाषणं. कार्यक्रम संपल्यावर गर्दीतून वाट काढत त्रिशला पुढं आली. वाळली होती. तिनं पिशवीतून एक जुनी, पाठ फाटून पुन्हा शिवलेली कादंबरी काढली आणि मृणालच्या हातातल्या नारळावरच ठेवली.

"तुझ्यासाठी आणलंय. गावात नमुना भरल्याशिवाय देता येत नाही, म्हणून इथं आणून देते."

'मलाच का?' असं मृणालनं विचारायची वाट त्रिशलानं पाहिली नाही.

"दोघी जावांची गोष्ट आहे. मी तीनदा वाचली. थोरली अशी का वागते, ते मला काही केल्या कळलं नाही गं. तुला कळेल असं वाटलं, म्हणून तुला." तिच्या बोलण्यात टोचणी होती का, हे मृणालनं पुढं पुष्कळदा आठवून पाहिलं आणि तिला ठरवता आलं नाही. त्रिशलाला सहाची एसटी गाठायची होती. ती गेली.

रविवारी दुपारी मृणालनं ती कादंबरी उघडली. गेली कित्येक वर्षं ती मसुदे, अहवाल आणि सूच्या वाचत होती. गोष्ट म्हणून काही वाचल्याचं तिला आठवत नव्हतं. पाचव्या पानावर तिला राग आला. चाळिसाव्या पानावर आपला अंगठा कोपऱ्यावर गेला आहे आणि पान उचललं गेलं आहे, हे तिच्या ध्यानात आलं. तिनं अंगठा काढून घेतला. दोन पानांनी तो पुन्हा तिथंच होता. चार वाजता कुणीतरी दार वाजवलं तेव्हा ती उठली नाही. पुस्तक संपलं तेव्हा ती रडत नव्हती, पण आरशासमोरून जाताना तिनं तिकडं बघायचं टाळलं.

आठवड्यानं समितीची बैठक होती. विषय तिसरा : कासारघोलचा दर्जा. वर्षात एवढी घसरण झालेल्या ग्रंथालयाला खालच्या वर्गात टाकायचं, हे मानकांतच होतं, कलम त्र्याण्णव, तेही मृणालचंच. 'ब'चा 'ड' झाला की पूर्णवेळ ग्रंथपालाचं पद राहत नाही, आणि त्रिशलाचं जुनं अर्धवेळचं पद दर्जा वाढला तेव्हाच रद्द झालं होतं. इनामदारांना वाईट वाटत होतं, पण आकड्यापुढं त्यांचा इलाज नव्हता. माणसं एकदा नाव झालं की ढिली पडतात, असं ते म्हणाले. मगदूमबाईंना घरी बसावं लागेल. मृणालबाईंनी त्यांच्यासाठी एवढं करूनही त्यांना ते टिकवता आलं नाही. बाकीच्यांनी माना डोलावल्या. कागद फिरत फिरत मृणालपुढं आला, कारण पहिली सही सचिवाची असते.

तिनं पेन उघडलं नाही. पिशवीतून ती कादंबरी काढली आणि टेबलावरून इनामदारांच्या दिशेनं सरकवली. ती त्यांच्यासाठी आणली आहे, असं म्हणाली. इनामदारांना गंमत वाटली. नमुना सात कुठं आहे, असं त्यांनी हसत विचारलं.

"नमुना नाही, सर. हे तोंडी सांगायचं असतं." तिला घोटभर पाणी हवं होतं, पण तेवढं थांबलं तर पुन्हा बोलता यायचं नाही हे तिला ठाऊक होतं. "यात दोन जावा आहेत. धाकटीच्या हाताला चव असते. थोरली तिला टाकून बोलत नाही की तिच्याशी भांडत नाही. उलट चारचौघींत तिचं कौतुक करते. तिच्या स्वयंपाकाची मापं लिहून काढते, भिंतीवर लावते आणि त्या मापानंच रांधायला लावते. वर्षभरात धाकटीच्या हाताची चव जाते. घरात कुणालाच कळत नाही असं का झालं. तुम्हाला कळावं म्हणून दिलं."

मृणालनं सहीचा कागद बाजूला सारला.

"एकेचाळिसावं कलम मी तसं लिहिलंय. काय होईल ते मला लिहितानाच माहीत होतं."

इनामदारांनी पुस्तकावरचा हात काढला, मग परत ठेवला. बाईंनी तुमचं काय वाकडं केलं होतं, असं त्यांनी अगदी हळू विचारलं.

"काहीच नाही, सर," मृणाल म्हणाली. "ती माझ्यापेक्षा चांगली ग्रंथपाल आहे."